कॉलेजात आर्ट साँगची रिसायटल सिरीज कशी चालवायची: टर्मच्या आधीपासून चावी परत देईपर्यंत

ऑक्सफर्डला डीफिल (तिकडची पीएचडी) करत होते तेव्हा कॉलेजच्या म्युझिक सोसायटीच्या मीटिंगला मी फुकट पिझ्झा आहे म्हणून गेले आणि बाहेर पडले ती लंचटाइम रिसायटलची, म्हणजे जेवणाच्या सुट्टीतल्या छोट्या मैफलींची, सेक्रेटरी होऊन. कोणालाच ते काम नको होतं एवढंच माझं क्वालिफिकेशन. नंतर दोन वर्षं ते केलं, बरंच चुकत केलं, आणि आता दर ऑक्टोबरात तिकडे नवीन गेलेलं कोणी ना कोणी मेसेज करतं की ताई माझ्या गळ्यात हे पडलंय, काय करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे नक्की काय प्रकरण आहे ते. आर्ट साँग म्हणजे आधी कविता असते, मग कोणीतरी कंपोजर तिला चाल लावतो, आणि ती एक गायक आणि एक पियानो एवढ्यावर गायली जाते. माईक नाही, नाटक नाही, कॉस्च्यूम नाही. जर्मनमधे एका गाण्याला लीड म्हणतात आणि अनेकवचन लीडर (आमच्या पोस्टरवर हा शब्द बघून एका इंजिनिअर मित्राला वाटलं लीडरशिपवर लेक्चर आहे, तो नोटबुक घेऊन आला आणि बिचारा शेवटपर्यंत बसला). आपल्याला समजायला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे भावगीत. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, आणि शब्द कळले नाहीत तर अर्धी मजा गेली. ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण मी बघितलेल्या ज्या रिसायटल पडल्या त्यातल्या बहुतेक गायकामुळे नाही पडल्या, ऐकणाऱ्याच्या हातात शब्द नीट पोचले नाहीत म्हणून पडल्या.

ऑक्सफर्डात याची हवा आधीपासून आहे हे तुमच्या फायद्याचं. वॉडम कॉलेजच्या आवारातली हॉलीवेल म्युझिक रूम १७४८ मधे सुरू झाली, खास कॉन्सर्टसाठी बांधलेली युरोपातली सगळ्यात जुनी खोली म्हणतात तिला. आणि २००२ पासून तिथे ऑक्सफर्ड लीडर नावाचा फेस्टिव्हल चालतो, आता त्याचं नाव ऑक्सफर्ड इंटरनॅशनल साँग फेस्टिव्हल झालंय, त्यांनी २०१४ मधे शूबर्ट या ऑस्ट्रियन कंपोजरची सगळीच्या सगळी गाणी एका फेस्टिव्हलमधे गाऊन घेतली, सहाशेच्या वर आहेत ती. म्हणजे गावात कान तयार असलेली माणसं आहेत, तुम्हाला फक्त त्यांना कॉलेजच्या दारातून आत आणायचंय. फेस्टिव्हल ऑक्टोबरात असतो, त्या दिवसांत स्वतःचा कार्यक्रम लावू नका, तिथे जाऊन बसा आणि दार कोण सांभाळतं, पुस्तिका कशी आहे, लाईट किती ठेवलेत ते बघून या.

तारखा

टर्म आठ आठवड्यांची. मायकलमस, हिलरी, ट्रिनिटी. तिकडे तारीख कोणी सांगतच नाही, "थर्ड वीकचा गुरुवार" असंच बोलतात, तुम्हीही तसंच बोला. पहिल्या आठवड्यात कोणाला काही माहीत नसतं, आठव्यात सगळे दमलेले असतात आणि ख्रिसमसच्या जेवणांची गर्दी, त्यामुळे दुसरा, चौथा, सहावा आणि फार हौस असेल तर सातवा. एका टर्मला तीन कार्यक्रम पुरे. मी पहिल्या टर्मला सहा लावले होते आणि पाचव्याला अक्षरशः रडकुंडीला आले. ट्रिनिटीत परीक्षा असतात, तेव्हा एक किंवा दोनच, तेही टर्मच्या सुरुवातीला, नाहीतर जवळच्या जिन्यावरच्या खोल्यांत राहणारी फायनल इयरची मुलं खिडकीतून जे बोलतात ते पोस्टरवर छापण्यासारखं नसतं.

वार आणि वेळ मात्र बदलू नका. आमचं गुरुवार, सव्वाची वेळ. एकचं लेक्चर सुटून माणूस चालत येतो आणि दोनला परत जातो, म्हणजे तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत, त्यातलं म्युझिक पस्तीस.

जागा

बहुतेक कॉलेजांत पर्याय दोन-तीनच असतात, चॅपेल (कॉलेजचं चर्च), जेवणाचा हॉल, नाहीतर एखादी म्युझिक रूम किंवा लेक्चर थिएटर. चॅपेल दिसायला भारी, पण दगडी भिंती आणि उंच छत म्हणजे आवाज घुमतो. कोरस तिथे स्वर्गीय वाटतो, एकट्या गायकाची व्यंजनं मात्र एकमेकांत मिसळून जातात. साधी टेस्ट आहे. एकाला पियानोजवळ उभं करा, नेहमीच्या आवाजात एखादी कविता वाचायला सांगा, आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. शब्द कळले तर जागा चालेल. नुसतं "कोणीतरी काहीतरी वाचतंय" एवढंच कळलं तर पियानो प्रेक्षकांच्या जवळ आणा, मागच्या रांगा दोरी लावून बंद करा. माणसं बसली की आवाज थोडा सुकतो, हिवाळ्यात जाड कोट घालून बसली की अजूनच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

परवानगी कोणाची घ्यायची हा तिकडे एक स्वतंत्र विषय आहे. चॅपेल चॅप्लिनचं (कॉलेजचा पाद्री), पियानो म्युझिक डिरेक्टरचा, खुर्च्या मेंटेनन्सवाल्यांच्या, आणि चावी गेटवरच्या लॉजमधल्या पोर्टरकडे. चौघांनाही वेगवेगळं लिहा, एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळतं हा गैरसमज आहे. आणि पोर्टरशी गोड राहा. दारात उभं राहून "रिसायटल कुठे आहे" विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आत सोडायचं की परत पाठवायचं हे तोच ठरवतो, त्यामुळे त्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलावर एक छापील कागद ठेवून या, वेळ, जागा आणि "सगळ्यांना प्रवेश आहे" हे मोठ्या अक्षरात.

पियानो

आपल्याकडे मैफलीत तानपुरा स्टेजवरच लागतो, तबला हातोडीने ठोकून पाच मिनिटांत सुरात येतो, लोक तोपर्यंत गप्पा मारतात. पियानोचं तसं नाही. ट्यूनरला तास-दीड तास लागतो, त्याला पूर्ण शांतता लागते, आणि टर्मच्या दिवसांत तो आयत्या वेळी मिळत नाही. टर्मच्या सगळ्या तारखा त्याला एकदमच देऊन टाका.

आता माझी चूक. दुसऱ्या कार्यक्रमाला मी शहाणपणा करून आदल्या दिवशी दुपारीच ट्यूनिंग उरकलं, म्हटलं उद्याची कटकट नको. संध्याकाळी एव्हनसाँगसाठी, म्हणजे चॅपेलमधल्या गायलेल्या प्रार्थनेसाठी, हीटिंग लागलं, ते बंद झालं, सकाळी परत थंडगार. पियानोचं लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं, त्यात साउंडबोर्ड (तारांखालची मोठी लाकडी फळी) फुगतो-आकसतो आणि सूर हलतो. दुपारी पियानिस्टने मधल्या सप्तकातला एक सूर वाजवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी फक्त सॉरी म्हणाले. तेव्हापासून नियम: त्याच दिवशी सकाळी ट्यूनिंग, हीटिंग कार्यक्रमाच्या वेळी जसं असणार तसंच तेव्हाही ठेवायचं, आणि पियानो आधी जागेवर सरकवून मग ट्यून करायचा, उलट नाही.

झाकण पूर्ण उघडं की छोट्या काठीवर यावर पियानिस्ट लोक भांडतात. माझं मत, छोट्या चॅपेलमधे छोटी काठी, पण हे रिहर्सलला मागे बसून कोणीतरी ऐकून ठरवावं, आणि ते कोणीतरी गायकाचा बॉयफ्रेंड नसावा.

माणसं

गायक शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. कॉलेजच्या कॉयरमधे स्कॉलरशिपवर गाणारे कोरल स्कॉलर, म्युझिक फॅकल्टीतली मुलं, आणि लंडनच्या कॉन्झर्व्हटॉयरमधे (संगीताच्या कॉलेजात) पोस्टग्रॅज्युएट करणारे, यांना लोकांसमोर गायची संधी हवीच असते. एकट्या गायकाला बोलवू नका, जोडीला बोलवा. ज्यांनी आधी एकत्र काम केलंय असे दोघं. आयत्या वेळी कुठलातरी पियानिस्ट जोडून दिला की दोन माणसं एकाच खोलीत वेगवेगळं वाजवतात.

आणि पियानिस्टला साथीदार समजू नका. आपल्याकडे संगतकाराचं नाव पत्रिकेत खाली बारीक अक्षरात येतं, ती सवय इथे सोडा. यातली अर्धी गोष्ट पियानो सांगतो. शूबर्टचं एर्लकोनिग घ्या, गटेची कविता, १८१५ मधे चाल लावली तेव्हा शूबर्ट अठरा वर्षांचा होता, बाप आजारी मुलाला घेऊन रात्री घोडा पिटाळतोय, आणि तो घोडा म्हणजे पियानिस्टचा उजवा हात, चार मिनिटं तोच सूर न थांबता ठोकायचा. मनगट सुटतं माणसाचं. पोस्टरवर दोघांची नावं एकाच साईजमधे, मानधन दोघांना सारखं, हे ठरवूनच टाका.

मानधनाबद्दल एक कायदेशीर भानगड, आपल्या मुलांना हमखास माहीत नसते. यूकेच्या स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट चालत नाही आणि प्रोफेशनल कलाकार म्हणून पैसे घेऊन कार्यक्रम करणंही चालत नाही. तुमचा गायक परदेशी स्टुडंट असेल तर त्याच्या हातात पाकीट देण्याआधी कॉलेजच्या व्हिसा सांभाळणाऱ्या ऑफिसला विचारा. पन्नास पाउंडापायी कोणाचा व्हिसा धोक्यात घालू नका.

प्रोग्रॅम

गायक विचारतील किती वेळ, तुम्ही म्हणाल पस्तीस मिनिटं, आणि ते पन्नासचा प्रोग्रॅम पाठवतील. प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं लिहून मागवा आणि स्वतः बेरीज करा. टाळ्या, आत-बाहेर, पाणी पिणं यात चार-पाच मिनिटं जातातच.

लंचटाइमला काय बसतं? शूमानचं डिख्टरलीबे, हायनेच्या कविता, १६ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास, एकदम फिट. बीथोव्हेनची १८१६ ची आन डी फेर्न गेलीब्टे, सहा गाणी न थांबता एकमेकांत गुंफलेली, पंधरा मिनिटं, वर अजून चार-पाच सुटी गाणी घाला. शूबर्टची विंटररायझ लंचटाइमला बसत नाही, २४ गाणी, सव्वा तास, ती संध्याकाळी आणि मधे इंटरव्हल न घेता. कोणी म्हणालं आपण अर्धीच करू तर सरळ नाही म्हणा. आणि खरं सांगू का, वीस वर्षांच्या पोराने ती गावी का यावर मला शंका आहे, पण शूबर्ट स्वतः एकतिसाव्या वर्षी गेला तेव्हा वयाचा मुद्दा फार ताणवत नाही.

सुटी गाणी असतील तर तीन-चारचे गट करा, एका गटाला एक भाषा किंवा एक कवी. जर्मन, मग फ्रेंच, शेवटी इंग्लिश हा ठरलेला क्रम आहे आणि चालतोही, कारण शेवटी ऐकणारा दमलेला असतो आणि त्याला भाषांतराच्या कागदातून मान वर काढता येते. मी मात्र दोनदा इंग्लिश गट आधी ठेवून बघितला, लोक लवकर रुळले, मग जर्मनकडे जास्त लक्ष दिलं.

पट्टीचंही विचारून घ्या. ही गाणी उंच, मधल्या, खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्टीत छापलेली मिळतात, आणि गायकाकडे खालच्या पट्टीचं पुस्तक आणि पियानिस्टकडे इंटरनेटवरून काढलेली मूळ पट्टीची प्रिंट असा झोल रिहर्सलच्या दिवशी उघडकीला आलेला मी बघितलाय.

शब्दांचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. डावीकडे मूळ कविता, उजवीकडे इंग्लिश भाषांतर, ओळीला ओळ. यमक जुळवलेलं भाषांतर नको, ऐकणाऱ्याला त्या क्षणी गायक कुठल्या शब्दावर आहे ते कळलं पाहिजे, भाषांतरकाराची हुशारी नंतर बघू. अक्षर अकरा-बारा पॉइंटच्या खाली नको, तुमचा निम्मा प्रेक्षक सत्तरीचा आहे.

आता ती गोष्ट. माझ्या पहिल्या पुस्तिकेत मी जागा वाचवायला कविता सलग लावल्या, एक संपली की लगेच दुसरी, पान जिथे संपेल तिथे संपेल. तिसरं गाणं शूबर्टचं होतं, शेवटचं कडवं एकदम हळू, श्वासावर गायचं. आणि त्या कडव्याच्या शेवटच्या चार ओळी होत्या पुढच्या पानावर. गायिका आवाज खाली खाली आणत गेली आणि बरोब्बर तिथे साठ माणसांनी एकदम पान उलटलं. साठ जणांनी एकदम भेळेचे पुडे उघडावेत तसा आवाज. तिने डोळे मिटून घेतले, पियानिस्ट हसला, मी खांबामागे गेले.

तर एकही कविता पान उलटण्यावर तुटता कामा नये. समोरासमोरच्या दोन पानांवर तुटली तर चालेल, उलटावं लागलं तर नाही. जागा रिकामी राहिली तर राहू दे. आणि जिथे उलटायचंय तिथे तळाला छापा की गाणं आणि पियानो दोन्ही थांबल्यावर पान उलटावं. ए-फोरला मधे घडी घालून पुस्तिका करताय म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत येणार, हे आधीच मांडून बघा, नाहीतर शेवटी दोन पानं कोरी राहतात आणि मग कोणीतरी तिथे पबची जाहिरात घाला म्हणतं. कागद चकचकीत नको, तो वाजतो पण जास्त आणि लाईटमधे चमकतो, अक्षर दिसत नाही. साधा मॅट कागद घ्या.

मूळ मजकूर त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या. जर्मनमधे 'ओ' वरची दोन टिंबं गेली की 'सुंदर'चं 'आधीच' होतं, आणि जर्मन डिपार्टमेंटचे प्रोफेसर पहिल्या रांगेत बसलेले असतात. एका डीफिलवाल्या जर्मन मुलीला कॉफी पाजून मी दोन वर्षं हे काम करून घेतलं.

कॉपीराइट विसरू नका. यूकेत कवी किंवा कंपोजर गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतात. शूबर्ट, शूमान, ब्राम्स मोकळे. रिचर्ड स्ट्राउस १९४९ मधे गेला, तोही मोकळा झाला. इंग्लिश कंपोजर बेंजामिन ब्रिटन १९७६ मधे गेला म्हणजे २०४६ संपेपर्यंत थांबा. गंमत अशी की संगीत मोकळं असेल आणि कविता नसेल असंही होतं, आणि भाषांतराचा हक्क तर भाषांतरकाराचा वेगळाच. वेबसाईटवरून उचलून छापू नका, लिहून परवानगी मागा आणि पुस्तिकेत नाव द्या. हक्कातलं संगीत गाणार असाल तर परफॉर्मन्सचं लायसन्स लागतं, ते कॉलेजकडे असतं का ते ऑफिसात विचारा. आणि हक्कातल्या नोटेशनच्या झेरॉक्सवरून गाऊ देऊ नका.

कार्यक्रमाचा दिवस

दहाला ट्यूनर, साडेअकराला गायक-पियानिस्ट, साडेबाराला त्यांना बाहेर काढा आणि खायला-प्यायला द्या. गायकाला उभं राहायची जागा पियानोच्या कमरेत, जिथे तो आत वळतो तिथे. साधं पाणी, बर्फ नको. पियानिस्ट टॅबलेटवरून वाजवणार की कागदावरून ते विचारा. कागद असेल तर पान उलटणारा माणूस लागतो, तो पियानिस्टच्या डावीकडे थोडा मागे बसतो, उठून डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरतो, आणि पियानिस्टने मान हलवल्याशिवाय उलटत नाही. नोटेशन वाचता येणाराच घ्या. मला वाटलं मान हलवली की उलटायचं, एवढं तर मलाही जमेल. नाही जमत, पियानिस्ट सारखीच मान हलवत असतात.

लाईट. हे सगळे विसरतात. थिएटरसारखा अंधार केलात की तुमच्या पुस्तिकेचे सगळे कष्ट पाण्यात. स्वतः मधल्या रांगेत बसून पुस्तिकेचं कुठलंही पान वाचून बघा. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर त्याच वेळेला आदल्या दिवशी जाऊन बघा, दुपारी बघून उपयोग नाही.

सुरुवातीला एक मिनिट बोला, जास्त नको. फोन बंद, बाहेर जायचे दरवाजे कुठे, आणि टाळ्या गटाच्या शेवटी. आपल्याला समेवर वाहवा म्हणायची सवय, नाट्यसंगीतात तर वन्स मोअर. इथे गाण्या-गाण्यांमधे लोक चूप बसतात आणि पहिल्यांदा ते फार विचित्र वाटतं, आवडलं नाही की काय. डिख्टरलीबेच्या शेवटी तर गायक थांबल्यावर पियानो एकटाच बराच वेळ वाजत राहतो, तिथे कोणी टाळी वाजवली की संपलं. पियानिस्टचे हात मांडीवर आले की मग. पण एखाद्या नवख्याने मधेच वाजवलीच तर त्याच्याकडे वळून बघू नका, तो परत येत नाही. उशिरा आलेल्याला गट संपेपर्यंत दारात थांबवायला एक माणूस लागतो, तो जरा धिप्पाड असलेला बरा.

पैसे आणि प्रेक्षक

प्रवेश फुकट ठेवा आणि जाताना दारात एक टोपली आणि कार्ड टॅप करायचं मशीन. मशीन आणलं तेव्हा आमची जमा लक्षात येईल एवढी वाढली, नाणी कोणी बाळगतच नाही आता. खर्च मोठे तीनच, ट्यूनर, मानधन, छपाई, त्यातला ट्यूनर आणि छपाई कॉलेजच्या फंडातून आधी मंजूर करून घ्या, टोपलीवर अवलंबून राहू नका.

पोस्टर स्टुडंटांसाठी लावाल आणि येतील गावातले रिटायर्ड लोक. वाईट वाटून घेऊ नका, तेच तुमचा कणा आहेत, पाऊस असो बर्फ असो, एक वाजता काठी घेऊन हजर. एक आजोबा प्रत्येक वेळी पुस्तिकेतल्या चुका पेन्सिलने खुणा करून मला परत द्यायचे, आधी राग यायचा, मग मी छापायच्या आधीच त्यांना द्यायला लागले. स्टुडंट हवे असतील तर कवितेवरून ओढा, इंग्लिश आणि जर्मन शिकणाऱ्यांच्या नोटीस बोर्डवर गाण्याचं नाही, कवीचं नाव मोठं टाका.

संपल्यावर

पुस्तिका बाकांवरून गोळा करा, दोन स्वच्छ प्रती फाईलला, बाकी रिसायकलला. पियानोचं झाकण बंद, कव्हर घाला, कुलूप. खुर्च्या जशा होत्या तशा, संध्याकाळी एव्हनसाँग आहे. त्याच रात्री गायक आणि पियानिस्टला दोन ओळी लिहा, पैसे त्याच आठवड्यात द्या.

आणि एक फाईल ठेवा, पुढच्या सेक्रेटरीसाठी. ट्यूनरचा नंबर, चॅप्लिनला कुठल्या वारी गाठायचं, किती पुस्तिका छापल्या आणि किती उरल्या, पियानोचं कुठलं चाक अडकतं. मला ही फाईल मिळाली नव्हती. मी सोडताना दिली, त्यात पहिल्याच पानावर चॅपेलच्या लाईटच्या बोर्डाचं चित्र काढून ठेवलंय, डावीकडून तिसरं बटण दाबू नका, त्याने सगळेच जातात.